शून्याचे चार कसे झाले

आमच्या सॉल्व्हंट प्लांटच्या, म्हणजे हेक्झेनने सोयाबीनचं तेल काढायच्या कारखान्याच्या, जुन्या पॅनलमागे अजूनही तांब्याच्या नळ्यांचा जुडगा आहे, पाव इंची, काहींवर हिरवं चढलंय. कोणी काढल्या नाहीत कारण काढायला शटडाउन लागतो आणि सोयाबीनच्या सीझनमध्ये शटडाउन कोण देणार. मागच्या महिन्यात डिप्लोमा करून आलेल्या पोराने रिकाम्या टाकीच्या लेव्हल ट्रान्समीटरचा, म्हणजे टाकीतली पातळी मोजून तारेवर करंटने कळवणाऱ्या यंत्राचा, करंट मोजला, मीटरवर ४.०० मिलीअँप आले, तर मला विचारते, "भाऊ, टाकी खाली आहे तं झिरो पाहिजे ना, हे चार काऊन दाखवते?" प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि उत्तर त्या हिरव्या पडलेल्या नळ्यांमध्ये आहे, म्हणून जरा मागून सांगतो.

आपोआप कंट्रोल ही गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सच्या लय आधीची. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला: स्पीड वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, दांडी सरकते, वाफ कमी होते. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली तेव्हाचा जमाना याच वाफेचा, स्पीड वरखाली झाला की सूत तुटणार हे सगळ्यांना कळत होतं. पण हे गव्हर्नर कधीकधी शांत बसायचेच नाहीत, स्पीड वर-खाली वर-खाली डोलत राहायचा, आजही आपण त्याला हंटिंगच म्हणतो. ते कशामुळे होतं याचं गणित मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं.

आता हवा. केमिकल आणि तेलाच्या कारखान्यांमध्ये ठिणगी नको म्हणून सिग्नल असल्या नळ्यांमधून हवेच्या प्रेशरने पाठवायची पद्धत रुळली. आत एक बारीक नोझल, त्याच्यासमोर एक पत्री, फ्लॅपर. फ्लॅपर केसभर जवळ आला तरी मागचं प्रेशर चढतं, लांब गेला की उतरतं, म्हणजे जी हालचाल डोळ्याला दिसत नाही तिचं प्रेशर बनतं. २० पीएसआयची (पीएसआय म्हणजे प्रेशरचं माप, चौरस इंचावर किती पौंड) सप्लाय आणि सिग्नल ३ ते १५ पीएसआय, आपल्याकडे बरेच जण ०.२ ते १ किलो म्हणतात तेच. ० ते १५ का नाही? कारण नोझलमधून हवा सतत सुटत राहते, प्रेशर खऱ्या शून्यावर येतच नाही आणि शून्याजवळ त्याची चाल सरळ राहत नाही. आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते: नळी फुटली की प्रेशर शून्य होतं, मग रीडिंगचं शून्य आणि फुटक्या नळीचं शून्य वेगळं ओळखू आलं पाहिजे की नाही? याला लाइव्ह झिरो म्हणतात.

आपल्याकडे जागलीला जाणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रानडुकरांसाठी रात्री दोन मचाणांवर दोघं बसले असले की मधूनमधून एकमेकांना हाक देतात, डुक्कर आलेलं नसलं तरी देतात. हाकेला ओ आली म्हणजे सगळं ठीक, ओ आली नाही तर कंदील घेऊन जाऊन पाहावं लागते. ती ओ म्हणजे आपले ३ पीएसआय.

याच हवेच्या जमान्यात पीआयडी तयार झालं, म्हणजे प्रपोर्शनल, इंटिग्रल, डेरिव्हेटिव्ह अशा तीन टर्मवर चालणारा कंट्रोल. नुसता प्रपोर्शनल कंट्रोलर, म्हणजे जेवढी चूक तेवढाच व्हॉल्व्ह हलवणारा, सेटपॉइंटच्या (आपण ठरवून दिलेल्या आकड्याच्या) थोडा अलीकडे-पलीकडे अडकून राहतो, लोड बदलला की ऑपरेटरने येऊन खुंटी फिरवून ते अंतर मिटवायचं, म्हणजे हाताने रीसेट करायचं. १९३० च्या आसपास फॉक्सबोरोच्या स्टॅबिलॉगसारख्या कंट्रोलरमध्ये हे काम आपोआप होऊ लागलं, इंटिग्रलला जुने लोक अजून रीसेट म्हणतात ते त्यामुळेच. जहाजाचं सुकाणू सांभाळणारा माणूस नेमकं काय करतो हे पाहून मिनॉर्स्कीने १९२२ मध्ये तिन्ही टर्मचं गणित लिहिलंच होतं. मग १९४२ मध्ये टेलर इन्स्ट्रुमेंट्सच्या झिग्लर आणि निकोल्सनी ट्यूनिंगची रीत दिली: लूप सारखा डोलायला लागेपर्यंत गेन (चुकीला कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो ते) वाढवा, तो गेन आणि डोलण्याचा टाइम लिहून घ्या, त्यावरून सेटिंग काढा. चालू डीटीवर (पेंडीतलं हेक्झेन उडवून तिला भाजणाऱ्या भांड्यावर) मी ही रीत वापरू देत नाही, माल खराब होतो, पण सुरुवातीचा अंदाज अजून त्यातूनच येतो.

हवेची अडचण अंतराची. शंभर-दीडशे मीटर नळी असली की सिग्नलला पोचायला वेळ लागतो, पावसाळ्यात लाइनीत पाणी येतं, नोझल चोंदतं. ट्रान्झिस्टर आले तसा सिग्नल तारेवर गेला. १०–५० मिलीअँपही काही वर्षं चाललं, पण टिकलं ४–२०. गुणोत्तर पाहा, ३ ला १५ आणि ४ ला २०, दोन्हीकडे एकास पाच. २५० ओहमच्या रेझिस्टरवर तेच १ ते ५ व्होल्ट होतात. शिवाय खालच्या ४ मिलीअँपवर ट्रान्समीटर स्वतःच चालतो, म्हणून २४ व्होल्टच्या त्याच दोन तारांत सप्लायही आणि सिग्नलही.

दहा-बारा वर्षांआधी मी दुसऱ्या एका प्लांटवर होतो, तिथे पेंड भाजणाऱ्या टोस्टरच्या टेंपरेचरला ०–२० मिलीअँपचा कन्व्हर्टर होता. रात्री ट्रेमध्ये उंदराने केबल कुरतडली, करंट शून्य झाला, कंट्रोलरला वाटलं टेंपरेचर शून्य डिग्री, त्याने स्टीमचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून टाकला. त्याचा काय दोष, त्याला जे सांगितलं ते त्याने खरं मानलं. करपल्याचा वास आला तेव्हा कळलं, डीओसी (तेल काढलेली पेंड) तपकिरी पडली होती, आणि वर चटकन पेट घेणाऱ्या हेक्झेनचा प्लांट, त्या रात्रीची आठवण आली तरी पोटात गोळा येतो. ४–२० असतं तर करंट शून्यावर गेल्या गेल्या अलार्म आला असता आणि व्हॉल्व्ह आहे तिथे थांबवता आला असता. नामूर या कारखान्यांतल्या ऑटोमेशनवाल्यांच्या जर्मन संघटनेच्या शिफारशीत हे आकड्यांत बसवलंय: ३.८ ते २०.५ पर्यंत मोजमाप समजायचं, ३.६ किंवा खाली आणि २१ किंवा वर म्हणजे बिघाड.

पुढे १९७५ च्या सुमारास हनीवेल आणि योकोगावाचे डीसीएस, म्हणजे सगळा प्लांट कॉम्प्युटरवरून चालवायच्या सिस्टिम आल्या, १९८० च्या दशकात रोझमाउंटने हार्ट ही पद्धत आणली, त्यात त्याच करंटवर १२०० आणि २२०० हर्ट्झचा बारीक सूर चढवून ट्रान्समीटरशी बोलता येतं, पण सुराची सरासरी शून्य असल्यामुळे खालचा ४–२० जसाच्या तसा राहतो.

पोराला हे सगळं सांगून झाल्यावर स्टीमच्या व्हॉल्व्हपाशी नेलं. तिथे अजून हवाच आहे, मध्ये फक्त आय-टू-पी कन्व्हर्टर बसवलाय, तो करंटचं हवेचं प्रेशर करतो. हवा तेवढा करंट सोडणारा कॅलिब्रेटर त्याच्या हातात दिला आणि म्हटलं १२ मिलीअँप सोड. गेजचा काटा ९ पीएसआयवर येऊन थांबला, व्हॉल्व्हचा स्टेम बरोबर अर्ध्यावर, आणि पोरगं एकदा मीटरकडे पाहे, एकदा गेजकडे.