व्हॅरम पर्सी: प्लेगमधून वाचलेलं पण मेंढ्यांनी उठवलेलं गाव

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये व्हॅरम पर्सी नावाची एक वाडी होती. आज तिथे गेलं तर छप्पर नसलेलं सेंट मार्टिन चर्च, एक तळं आणि गवताने झाकलेले उंचवटे, बस्स एवढंच. पण तिरप्या उन्हात सावल्या पडल्या की त्याच उंचवट्यांत घरांच्या भिंती, परसाच्या हद्दी, मधला रस्ता सगळं उमटतं.

असं गाव ओस पडलं की लोक लगेच प्लेगचं नाव घेतात. 1348-49 च्या साथीत इथेही माणसं मेली असणार, पण गाव त्यानंतर जवळपास दीडशे वर्षं नांदत होतं! खरा घाव नंतर बसला. साथीनंतर मजूर कमी, मजुरी महाग, धान्याला भाव नाही आणि लोकरीला मात्र आहे, मग जमीनदाराने हिशोब केला की नांगर चालवायला अख्खं गाव पोसा, त्यापेक्षा कुरण करा, एक मेंढपाळ पुरतो. सुमारे 1500 च्या आसपास शेवटची कुटुंबंसुद्धा हुसकावली गेली. मला तरी हे साथीपेक्षा जास्त क्रूर वाटतं, कारण साथ कुणी ठरवून आणत नाही.

हे सगळं कळलं ते मॉरिस बेरेस्फोर्ड हे इतिहासकार आणि जॉन हर्स्ट हे पुरातत्त्वज्ञ यांच्या चिकाटीमुळे. 1950 ते 1990, दर उन्हाळ्यात खोदकाम, तेही बहुतेक स्वयंसेवकांच्या जोरावर. राजवाडा नाही, खजिना नाही, साध्या शेतकऱ्यांच्या घरांसाठी 40 वर्षं!

चर्चच्या आवारात जवळपास 700 सांगाडे मिळाले आणि माझ्या मते खरी मौज इथेच आहे. आईच्या दुधावरच्या बाळाच्या हाडांत जड नायट्रोजनचं (नायट्रोजनच्या किंचित जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण आईपेक्षा जास्त असतं कारण ते बाळ एका अर्थी आईच्या शरीरावरच जगत असतं, दूध सुटलं की ते प्रमाण खाली येतं. वेगवेगळ्या वयाच्या मुलांची हाडं तपासली तेव्हा दिसलं की इथल्या आया साधारण दीड-दोन वर्षं अंगावर पाजत होत्या. कुठल्याच कागदावर कुणी हे लिहून ठेवलं नव्हतं.

आणखी एक शोध अंगावर काटा आणतो. 2017 मध्ये 137 हाडांचा अभ्यास छापून आला, निदान 10 माणसांची, 11व्या ते 14व्या शतकातली, त्यांच्यावर मेल्यानंतर केलेले सुरीचे वार आणि जाळल्याच्या खुणा. भुकेपोटी माणसं खाल्ली असतील का? तर मांस सोडवताना वार मोठ्या सांध्यांपाशी, स्नायूंच्या जागी पडतात, इथे ते डोक्या-मानेकडे जास्त आहेत. परके म्हणून कापले म्हणावं तर दातांतलं स्ट्रॉन्शियम (लहानपणी जिथलं अन्न-पाणी घेतलं तिथल्या जमिनीतून दातांत येणारं मूलद्रव्य) सांगतं की माणसं याच भागात वाढलेली. म्हणून संशोधकांना सगळ्यात पटणारं कारण वाटतं ते भुताचं, मेलेला माणूस उठून गावात फिरेल ही भीती त्या काळच्या इंग्लंडमध्ये खरोखर होती आणि त्यावर उपाय म्हणून प्रेताचे तुकडे करून जाळायचे.