भिंग ठणठणीत, डबा आजारी

"ताई, थंडीत सकाळी चारदा बटण दाबावं लागतं. पण एकदा सुरू झाला की संध्याकाळपर्यंत कुरकुर नाही." बडोद्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतले काका सांगत होते. तक्रार सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या 2008 सालच्या कॉम्प्युटरची होती.

सूक्ष्मदर्शक मात्र धडधाकट. पावसाळ्यात बुरशीपासून जपलं तर काच म्हातारी होत नाही. मग डबाच बदलून का टाकत नाहीत? कारण कॅमेऱ्याचं कार्ड जुन्या पीसीआय खाचेतच बसतं आणि त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, फक्त विंडोज एक्सपीवर चालतो. त्या एक्सपीचे अपडेट 8 एप्रिल 2014 लाच थांबले. म्हणजे जुनाच सांभाळायचा. त्यामुळे स्क्रूड्रायव्हर हाती घेण्याआधी मी हार्ड डिस्कची पूर्ण नक्कल करून घेतली. कार्ड पुन्हा मिळेल, तो ड्रायव्हर मिळेलच असं नाही.

गारठ्यात अडणारा आणि उबेत चालणारा कॉम्प्युटर दिसला की माझा पहिला संशय पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवून दाब स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांवर. या नळकांड्यांत एक द्रव असतो. वर्षानुवर्षं तापून तो हळूहळू आटतो आणि कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. थंडीत उरलासुरला द्रव घट्ट होतो, रोध आणखी चढतो आणि सुरू होतानाचा झटका त्याला पेलत नाही. चार प्रयत्नांत तो थोडा तापतो, मग गाडी चालू. काकांनी बटण दाबून दाबून त्याला शेकच दिला होता म्हणायचा!

कपॅसिटरवर बहुधा 105 अंशांना 2000 तास असं काहीसं आयुष्य लिहिलेलं असतं. तापमान 10 अंशांनी उतरलं की हे आयुष्य साधारण दुप्पट होतं. 65 अंशांवर हिशेब 32,000 तासांचा. रोज 8 तास आणि वर्षाला 250 दिवस धरले तर 16 वर्षं. वेळ भरतच आली होती.

मल्टिमीटर लावला तर 5 व्होल्टच्या तारेवर चोख 5 व्होल्ट. इथे पुष्कळजण फसतात. मीटर सरासरी दाखवतो, तिच्यावरची थरथर नाही. ही थरथर 50 मिलिव्होल्टच्या आत हवी आणि ती ऑसिलोस्कोपवरच, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावरच दिसते. तो नसेल तर सोपा उपाय म्हणजे दुसरा पॉवर सप्लाय जोडून पाहणं. मापं बहुधा ठरलेली असल्यामुळे त्याच प्रकारचा आणि पुरेशा ताकदीचा कुठलाही सहसा चालतो. जुना मात्र उघडू नका, आत 300 व्होल्टच्या वर दाब साठलेला असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ टिकतो.

नवा लावला आणि पहिल्या बटणाला सुरू. पण पडद्यावर तारीख 2008 ची! हा दुसरा रोग, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा 3 व्होल्टचा सेल संपल्याचा. त्याच्यावर घड्याळ आणि बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, मांडणी टिकते. ती विसरली गेली तर कधी डिस्क जोडण्याची पद्धतही बदलते, एक्सपी निळा पडदा दाखवतो आणि लोक डिस्क गेली म्हणून मोकळे होतात. गंमत अशी की काका रोज रात्री भिंतीवरचं स्विच बंद करत. त्यामुळे पॉवर सप्लायचा सतत जागा राहणारा भाग विसावत होता, पण घड्याळाचा भार सेलवर पडत होता. सौदा वाईट नाही. सेल रावपुऱ्यात कुठल्याही दुकानात मिळतो.

निघताना भिंतीवर एक पिवळी पडलेली चिठ्ठी दिसली, 'आधी दिवा, मग कॉम्प्युटर'. काकांना वाटे, कुणीतरी देवाच्या दिव्याबद्दल लिहिलंय, म्हणून ते दोन्ही दिवे आधीच लावत. खरं कारण सूक्ष्मदर्शकाच्या पाऱ्याच्या दिव्यात होतं. तो पेटताना हजारो व्होल्टचा क्षणिक फटका देतो आणि शेजारी कॉम्प्युटर चालू असेल तर कार्ड अडकतं, कधी जळतंही. गेल्या वर्षी एका नव्या विद्यार्थ्याने क्रम उलटा केला आणि कॅमेरा दोन दिवस मुका झाला होता.

"म्हणजे तो देवाचा कोप नव्हता?" काकांनी विचारलं. उदबत्ती मात्र त्यांनी विझवली नाही.