हीदरच्या मुळांतली बुरशी आणि तिची पाच नावे

हीदरसारख्या झुडपांच्या एरिकेसी कुळातल्या कवकमूलांचा, म्हणजे मुळे आणि बुरशी यांच्या सहजीवनाचा, अभ्यास सुरुवातीला एका वादात अडकला. हीदरच्या बीजातूनच बुरशी पुढच्या पिढीत जाते आणि तिच्यावाचून रोप वाढत नाही, असा दावा १९१५ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे अमेरिकेत बुरशीविना रोपे वाढवून दाखवली गेली आणि दावा मागे पडला.

खरा पाया १९७३ मध्ये ब्रिटनमध्ये घातला गेला. केसाइतक्या बारीक मुळांतून बुरशी वेगळी काढून ती पुन्हा निर्जंतुक रोपांत वसवली गेली. बाह्यत्वचेच्या पेशींत तिची वेटोळी दिसली. आम्लधर्मी, निकस जमिनीतल्या सेंद्रिय पदार्थांमधला नायट्रोजन ही बुरशी झाडाला मिळवून देते, हे त्या दशकातल्या प्रयोगांतून पुढे आले. तांबे आणि जस्त साचलेल्या मातीत ती हे धातू पानांपर्यंत फारसे जाऊ देत नाही, हे १९८१ मध्ये कळले.

गुंता झाला तो नावाचा. १९७४ मध्ये ती पेझिझेला एरिकी झाली, १९८३ मध्ये हायमेनोसायफस, २००४ मध्ये रायझोसायफस, नंतर पेझोलोमा. प्रजाती, म्हणजे नावाचा पहिला शब्द, बदलत गेली तरी दुसरा शब्द ‘एरिकी’ टिकला, त्यामुळे जुने शोधनिबंध शोधणे जमत होते. २०१९ मध्ये डीएनएच्या आधारे ती हायलोसायफा प्रजातीत गेली आणि लिव्हरवर्ट या शेवाळासारख्या छोट्या वनस्पतीवरून आधीच वर्णन झालेल्या बुरशीशी एकरूप ठरली. जुन्या नावाला प्राधान्य, या नियमाने ती हायलोसायफा हेपॅटिसिकोला झाली.

हा निर्णय वर्गीकरणाच्या दृष्टीने बिनचूक आहे. हीच बुरशी लिव्हरवर्टच्या मूलाभांतही (मुळांसारख्या तंतूंतही) राहते, हे प्रयोगांनी आधीच दाखवले होते. पण ज्या वनस्पतींमुळे तिचा एवढा अभ्यास झाला, त्यांचा मागमूस नावात उरला नाही. बहुप्रचलित नाव राखून ठेवण्याची तरतूद नामकरणाच्या नियमांत आहे. ती इथे वापरायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे. आता निबंधांत बऱ्याचदा जुने आणि नवे अशी दोन्ही नावे लिहावी लागतात.

त्याच फेरबदलात मेलिनिओमायसिस या बुरशीच्या दुसऱ्या प्रजातीतल्या जातीही हायलोसायफात आल्या. त्यांतली बायकलर ही जात एरिकेसीच्या मुळांत राहतेच, शिवाय सूचिपर्णी झाडांच्या मुळांवर बाहेरून आवरणही करते. पेशींत शिरणारी आणि बाहेरून आवरण करणारी अशा दोन प्रकारच्या कवकमूलांमध्ये आखलेली जुनी सीमारेषा त्यामुळे पुसट झाली आहे.