सिलिअॅक आजार आणि त्याचं उशिरा होणारं निदान (खानदेश)

सिलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन नावाच्या प्रोटीनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते तो आजार. ग्लूटेन जव आणि राय या धान्यांतही असतं. आतड्याच्या आतली बारीक लव, जिच्यातून अन्न रक्तात शोषलं जातं, ती झडून सपाट होते, मग पोरगं कितीही जेवो, खाल्लेलं अंगी लागत नाही. ही गव्हाची अॅलर्जी नाही आणि नुसतं अपचन तर नाहीच. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो, भारतात उत्तरेकडे जास्त सापडतो, म्हणून आपल्याकडे तो पंजाब-राजस्थानचा समजला जातो, पण पोळी तर जळगाव-धुळ्यातही रोजची आहे.

निदान लांबतं कारण जुलाब होतीलच असं नाही. कुणाचं फक्त रक्त कमी, कुणाची उंची थांबलेली, कुणाला सारखं तोंड येतं, कुणाची पाळी उशिरा सुरू होते, कुणाची हाडं ठिसूळ, आणि यातल्या प्रत्येक तक्रारीला घरात आणि दवाखान्यात एक तयार उत्तर असतं: जंत, अशक्तपणा, आईबापच बुटके. नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, सिकलसेल आणि कुपोषण एवढं आहे की हिमोग्लोबिन कमी आलं की डॉक्टरांचं लक्ष आधी तिकडेच जातं, आणि जायलाच पाहिजे. जुलाब आणि वजन घटणं एकत्र दिसलं तर आतड्याच्या टीबीची शंका येते, तीही रास्तच. पण लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने नीट घेऊनही रक्त वाढत नसेल तर नुसती गोळीची कंपनी बदलून काय होणार, तिथे सिलिअॅकची तपासणी झालीच पाहिजे.

पहिली तपासणी रक्ताची, टीटीजी आयजीए, म्हणजे या आजारात रक्तात वाढणारी एक अँटीबॉडी, आणि सोबत एकूण आयजीए, कारण काही लोकांत आयजीए या प्रकारच्या अँटीबॉडीच कमी असतात आणि रिपोर्ट उगाच नॉर्मल येतो. टीटीजी वाढलेलं असलं की एंडोस्कोपी करून आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून बायोप्सीचे चार-पाच तुकडे घेतात, एकाच तुकड्यावर भागत नाही कारण इजा सगळीकडे सारखी नसते. लहान मुलांत टीटीजी नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यात ईएमए ही दुसरी अँटीबॉडी पण पॉझिटिव्ह आली तर कधीकधी बायोप्सी टाळता येते.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो गहू आधीच बंद केल्यामुळे. कुणीतरी सांगतं गहू सोडून बघा, आणि खानदेशात ते सोपंच, ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत घरात असतंच, माणसाला बरं वाटायला लागतं आणि मग तपासणी केली तर टीटीजी उतरलेलं, आतडंही भरून यायला लागलेलं, म्हणजे निदान पुन्हा लटकलं. तपासणी पूर्ण होईपर्यंत पोळी चालू ठेवायची, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

या आजाराचा केळीशीही जुना संबंध आहे, केळीच्या पट्ट्यात तो सांगायलाच हवा. सॅम्युअल गी यांनी 1888 मध्ये आजाराचं वर्णन केलं, पण कारण सापडलं नव्हतं. 1924 मध्ये अमेरिकेतले सिडनी हास यांनी अशा मुलांना ब्रेड वगैरे बंद करून केळी खायला दिली, मुलं सुधारली आणि श्रेय गेलं केळ्यांना. खरं कारण गव्हापर्यंत नेलं ते नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी, 1944-45 च्या दुष्काळी हिवाळ्यात ब्रेड मिळेनासा झाला तेव्हा त्यांच्याकडची आजारी मुलं सुधारली आणि ब्रेड परत आल्यावर पुन्हा बिघडली. रावेर-यावलची केळी ही मुलं खुशाल खाऊ शकतात, पण आजार केळ्यांनी जात नाही, गहू बंद केल्याने आटोक्यात येतो.

उपचार एकच, जन्मभर ग्लूटेन बंद. म्हणजे खापरावरचे मांडे गेले, दालबाटी गेली, गव्हाच्या कुरडया आणि शेवया गेल्या. ज्वारी, बाजरी, मका, तांदूळ, भगर, ज्वारीचे बिबडे चालतात. पण गिरणीत आधी गहू दळला आणि त्याच जात्यात आपली ज्वारी टाकली तर पिठात गहू येतोच, त्यामुळे गहू कधीच न दळणारी गिरणी शोधावी किंवा घरची छोटी चक्की वापरावी. डबीतल्या हिंगातही बरेचदा मैदा असतो. पाकिटावर ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोला 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं असा भारतात नियम आहे.

एकाला निदान झालं की त्याच्या आईवडील, भावंडं आणि मुलांचीही टीटीजी करून घ्यावी, तक्रार नसली तरी, कारण सख्ख्या नात्यात साधारण दहातल्या एकाला हा आजार निघू शकतो.