कच्च्या आहारावरील कुत्र्यांचे सोयीचे पर्यायी खाद्य

एरवी कच्चे मांस, हाडे आणि कलेजीसारखे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला प्रवासात, प्राण्यांच्या वसतिगृहात, मालकाच्या आजारपणात किंवा फ्रीझरमधील साठा संपल्यावर काही काळ देता येईल असे तयार, टिकाऊ किंवा कमी हाताळणीचे खाद्य. कारखान्यात तयार झालेले गोठवलेले कच्चे खाद्य, गोठवून वाळवलेले (फ्रीज-ड्राइड) आणि मंद उष्णतेवर वाळवलेले खाद्य, डबाबंद ओले खाद्य, कोरडे दाणेदार खाद्य आणि घरी शिजवलेले अन्न हे त्याचे मुख्य प्रकार होत. यांतील काही कच्चेच असतात, काही पूर्ण शिजलेले असतात. त्यामुळे त्यांची सोय, सुरक्षितता आणि पोषण यांचा हिशेब प्रत्येक वेळी वेगळा मांडावा लागतो.

कुत्र्यांना कच्चे मांस घालण्याची रीत जुनी असली, तरी घरगुती कुत्र्यांसाठी तिची पद्धतशीर मांडणी ऑस्ट्रेलियन पशुवैद्य इयान बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये केली आणि ती पुढे ‘बार्फ’ या नावाने रूढ झाली. तिच्यात मांस-हाडांबरोबर थोडी भाजी व फळेही असतात. दुसरी एक पद्धत वनस्पतिजन्य भाग जवळजवळ वगळते आणि ८० टक्के मांस, १० टक्के खाता येण्याजोगे हाड व १० टक्के अवयव (त्यांपैकी निम्मी कलेजी) असे ढोबळ प्रमाण सांगते. दोन्हींत प्रौढ कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या साधारण २ ते ३ टक्के खाद्य दिले जाते. म्हणजे २० किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ५०० ग्रॅम आणि आठवड्याला साडेतीन किलो मांस लागते. ते सगळे गोठवून ठेवावे, आदल्या दिवशी वितळवावे आणि प्रत्येक वेळी भांडी, ओटा व हात धुवावेत, हा या आहाराचा नित्यक्रम आहे. घराबाहेर पडल्यावर तो सांभाळणे अवघड होते, आणि पर्यायी खाद्याची गरज तिथूनच सुरू होते.

पर्याय निवडताना सर्वांत आधी पाण्याचा विचार करावा लागतो, आणि नेमका तोच बहुधा राहून जातो. कच्च्या मांसात सुमारे ७० टक्के पाणी असते. वरील उदाहरणातील ५०० ग्रॅम खाद्यात ३५० ग्रॅम पाणी आणि केवळ १५० ग्रॅम घन भाग असतो. त्यातून अंदाजे ८०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते असे धरले, तर तेवढीच ऊर्जा गोठवून वाळवलेल्या सुमारे १६० ग्रॅम, कोरड्या दाणेदार सुमारे २२० ग्रॅम किंवा डबाबंद ओल्या सुमारे ८०० ग्रॅम खाद्यातून मिळते. नेमके आकडे खाद्यागणिक बदलतात आणि ते वेष्टनावरून घ्यावेत. पण सवयीच्या वाटीने मोजून घातल्यास एका प्रकारात कुत्रा उपाशी राहतो आणि दुसऱ्यात तिप्पट खातो, एवढे या तुलनेतून स्पष्ट व्हावे. शिवाय कुत्र्याला दिवसाकाठी किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. कच्च्या आहारावरील कुत्रा त्यातला बराच भाग अन्नातूनच मिळवतो, म्हणून त्याला वाडग्यातून फार पिण्याची सवय नसते. कोरड्या खाद्यावर आणल्यावर त्याच्यासमोर पाणी ठेवणे पुरेसे नाही. खाद्यच भिजवून देणे श्रेयस्कर ठरते.

दुसरा प्रश्न कॅल्शियमचा. कच्च्या आहारात ते हाडातून येते. निव्वळ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अत्यल्प असते: कोंबडीच्या छातीच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे २०० मिलिग्रॅम फॉस्फरसमागे जेमतेम १० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते. कुत्र्याच्या आहारात ही दोन्ही खनिजे १:१ ते २:१ या प्रमाणात असावी लागतात. घाईच्या वेळी ‘हाड नको, नुसते मांस देऊ’ असे केले जाते, तेव्हा हे प्रमाण पार उलटे होते. प्रौढ कुत्र्याला दोन-चार दिवसांत त्याने काही होत नाही. वाढत्या पिल्लाला मात्र असा आहार काही आठवडे मिळाला, तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढू लागते आणि हाडे ठिसूळ होऊन मोडतात. याच्या उलट मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियमही बाधते. म्हणून अमेरिकेतील पशुखाद्य नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेने (आफ्को) त्यांच्यासाठी शुष्क भागाच्या १.८ टक्के ही कमाल मर्यादा ठरवली आहे. वेष्टनावरील ‘संपूर्ण व संतुलित’ या शब्दांना महत्त्व आहे ते यामुळेच. ‘पूरक’ किंवा ‘अधूनमधून देण्यासाठी’ असे लिहिलेले खाद्य एका जेवणाची वेळ भागवते, महिन्याची नाही.

नेहमीच्या आहाराला सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे कारखान्यात दळून, वड्या पाडून गोठवलेले कच्चे खाद्य. मोजमाप व मिश्रण यांचे काम त्यात वाचते, फ्रीझरची गरज मात्र राहतेच. ते उणे १८ अंश सेल्सिअस तापमानाला ठेवावे आणि ओट्यावर न ठेवता ४ अंशांखालील फ्रिजमध्ये वितळवावे. गोठवण्याने काही परजीवी मरतात, पण जिवाणू बहुतांशी तग धरतात, आणि लिस्टेरिया तर फ्रिजच्या तापमानातही वाढतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात तपासलेल्या १९६ कच्च्या पशुखाद्य नमुन्यांपैकी १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये रोगकारक लिस्टेरिया आढळला होता. यावर उपाय म्हणून काही उत्पादक बंद पाकिटांवर पाण्यामार्फत ६०० मेगापास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारे सहा हजार पट, दाब काही मिनिटे देतात. उष्णता न देता बरेचसे जिवाणू त्याने नष्ट होतात, परंतु त्यांचे बीजाणू टिकतात. असे खाद्य कच्चे म्हणावे की नाही यावर या आहाराच्या समर्थकांत वाद आहे. घरात लहान मूल असलेल्या मालकाला त्या वादापेक्षा दाबाची ही प्रक्रिया झाली आहे की नाही, हे कळणे अधिक उपयोगाचे.

गोठवून वाळवलेल्या खाद्याला सोयीच्या दृष्टीने तोड नाही. मांस गोठवून ते निर्वात कक्षात, पाण्याच्या त्रिबिंदूपेक्षा (६११ पास्कल) कमी दाबाखाली ठेवतात. तेथे बर्फ न वितळता थेट वाफ होऊन निघून जातो आणि आर्द्रता साधारण ५ टक्के किंवा त्याहून कमी उरते. या क्रियेला बराच वेळ आणि पुष्कळ ऊर्जा लागते, म्हणून हे खाद्य महाग पडते. वजन मूळच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी होते, बंद पाकीट फ्रिजशिवाय अनेक महिने टिकते, वास व चव फारशी बदलत नाही आणि बहुतेक कुत्री ते पहिल्याच दिवशी खातात. मात्र त्याच्या कोरडेपणामुळे ते निर्धोक असल्याचा जो समज पसरला आहे, तो निराधार आहे. हीच प्रक्रिया प्रयोगशाळांमध्ये जिवाणू वर्षानुवर्षे जिवंत साठवण्यासाठी वापरतात! पाणी नसताना ते वाढत नाहीत इतकेच. कोमट पाणी घालताच वाडग्यात पुन्हा कच्चे मांस तयार होते आणि त्याला कच्च्या मांसाचेच नियम लागू होतात. भिजवलेले खाद्य दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये. हवा ३२ अंशांहून गरम असेल, तर एका तासातच उरलेले टाकून द्यावे. उत्पादकाने आधी उच्च दाबाची किंवा उष्णतेची प्रक्रिया केली असेल, तर धोका बराच घटतो. याच पद्धतीने वाळवलेले कलेजीचे तुकडे बक्षीस म्हणून विकले जातात. ते जेवण म्हणून देऊ नयेत, कारण कलेजीतील अ जीवनसत्त्व शरीरात साठत जाते.

मंद उष्णतेवर वाळवलेले खाद्य याहून दाट व चिवट असते. ते भिजायला अधिक वेळ लागतो, आणि कमी तापमानावर वाळवले असल्यास जिवाणूंबाबत त्यावरही आंधळा विश्वास टाकता येत नाही.

डबाबंद खाद्य कच्च्या आहाराच्या समर्थकांना सहसा रुचत नाही, परंतु थोड्या दिवसांची सोय म्हणून त्याला मिळते त्यापेक्षा अधिक मान मिळायला हवा. त्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते, म्हणजे पाण्याच्या बाबतीत ते कच्च्या मांसाच्या अगदी जवळ आहे. डबा बंद करून सुमारे १२१ अंश तापमानाला शिजवल्यामुळे बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणूही नष्ट होतात आणि न उघडलेला डबा कुठेही ठेवता येतो. थायामिनसारखी उष्णतेने घटणारी जीवनसत्त्वे उत्पादक वेगळी मिसळतात. वेष्टनावरील ‘प्रथिने १० टक्के’ हा आकडा पाहून अनेक जण ते निकस समजतात, पण पाणी वगळून गणित केल्यास चित्र पालटते: ७८ टक्के पाणी असलेल्या डब्यात १० टक्के प्रथिने म्हणजे शुष्क भागाच्या ४५ टक्के, तर १० टक्के आर्द्रतेच्या दाण्यांतील २६ टक्के प्रथिने म्हणजे फक्त २९ टक्के. वजन जास्त आणि उघडलेला डबा फ्रिजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवण्याची सक्ती हे त्याचे तोटे आहेत. माणसांसाठी मिळणारे, पाण्यात ठेवलेले आणि मीठ न घातलेले डबाबंद सार्डिन मासेही एखाद्या जेवणाला चालतात. डबाबंदीच्या उष्णतेने त्यांची हाडे मऊ होत असल्यामुळे थोडे कॅल्शियमही मिळते.

कोरडे दाणेदार खाद्य सर्वत्र मिळते, स्वस्त असते आणि कोणाही परक्या माणसाला मोजून घालता येते. आजचे दाणे पीठ दाबयंत्रातून गरम अवस्थेत बाहेर काढण्याच्या, १९५० च्या दशकात रुळलेल्या तंत्राने बनतात आणि दाण्याचा आकार टिकण्यासाठी त्यात पिष्ट असावे लागते. कुत्र्याला पिष्ट पचतच नाही, हा आक्षेप मात्र टिकत नाही: पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात, हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने दाखवले. कच्चे मांस आणि दाणे पचायला वेगवेगळा वेळ लागतो, म्हणून ते एकत्र देऊ नयेत, हा समजही मोठ्या श्रद्धेने सांगितला जातो. त्याला भक्कम पुरावा नाही. अचानक बदलाने काही कुत्र्यांचे पोट बिघडते हे खरे, पण तो बदलाचा परिणाम असतो. कच्च्या आहारावरील विष्ठा थोडी, कोरडी आणि हाड जास्त झाल्यास खडूसारखी पांढरी असते. दाण्यांवर ती आकाराने वाढते व मऊ होते आणि एवढ्यावरून आजाराची शंका घेण्याचे कारण नाही. दाण्यांवरील चरबी हवेने खवट होते, म्हणून ते मूळ पिशवीतच घट्ट बंद करून ठेवावेत.

घरी शिजवलेले बिनहाडाचे मांस आणि भात हा आजारी कुत्र्याचा पथ्याहार म्हणून परिचित आहे आणि एक-दोन दिवसांसाठी तो चांगलाच आहे. त्यावर आठवडे काढणे चुकीचे, कारण कॅल्शियम, आयोडीन, जस्त आणि काही जीवनसत्त्वे त्यात पुरेशी नसतात. कॅल्शियमची उणीव भरून काढण्यासाठी अंड्याच्या कवचाची बारीक पूड वापरता येते. तिच्यात सुमारे ३८ टक्के कॅल्शियम असते. दिवसाला ८०० किलोकॅलरी लागणाऱ्या प्रौढ कुत्र्याची साधारण १ ग्रॅमची गरज अडीच ग्रॅम पुडीत भागते. बाकीच्या उणिवा त्याने भरून निघत नाहीत. कांदा, लसूण आणि त्यांची पूड असलेला कोणताही तयार रस्सा किंवा बालान्न देऊ नये. फ्रीझरमधले हाडासकट मांस सोयीसाठी उकडून घालणे तर सर्वांत धोक्याचे: शिजलेले हाड ठिसूळ होऊन टोकदार तुकड्यांत फुटते आणि घसा किंवा आतडे फाडू शकते.

कोणताही पर्याय अडचणीच्या दिवशी प्रथम वापरण्यापेक्षा आधीच ओळखीचा करून ठेवावा. बदलासाठी सात ते दहा दिवस घेऊन जुन्याचा वाटा कमी व नव्याचा जास्त करत नेणे ही सर्वसाधारण शिफारस आहे. पोट मजबूत असलेल्या कुत्र्याला महिन्यातून एखादे जेवण पर्यायी खाद्याचे दिले, तरी काम भागते. स्वादुपिंडाच्या दाहाचा इतिहास असलेल्या कुत्र्यांत चरबीचे प्रमाण आधी पाहावे, कारण गोठवून वाळवलेली काही खाद्ये बरीच चरबीयुक्त असतात. मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असल्यास निवड पशुवैद्यानेच करावी.

कच्चे खाद्यच सोबत नेण्याचा आग्रह असल्यास बर्फपेटी किंवा सुका बर्फ वापरतात. सुका बर्फ हा उणे ७८.५ अंश तापमानाचा घन कार्बन डायॉक्साइड असून तो थेट वायुरूप होतो, म्हणून पेटी हवाबंद नसावी आणि मोटारीची खिडकी उघडी ठेवावी. विमानात एका प्रवाशाला कंपनीच्या संमतीने तो साधारण अडीच किलोपर्यंत नेता येतो. सीमा ओलांडताना मात्र अनेक देश मांस व कच्चे पशुखाद्य अडवतात, त्यामुळे पोहोचल्यावर तेथेच मिळणारे डबाबंद किंवा कोरडे खाद्य धरूनच बेत आखावा लागतो. प्राण्यांची वसतिगृहेही पुष्कळदा कच्चे मांस स्वीकारत नाहीत. कुत्रा स्वतः निरोगी दिसत असूनही विष्ठेतून साल्मोनेला बाहेर टाकू शकतो, हे त्यामागचे मुख्य कारण आहे. अमेरिकन पशुवैद्यकीय संघटनेने २०१२ मध्ये प्रक्रिया न केलेले कच्चे प्राणिजन्य खाद्य देण्यास प्रतिकूल असे धोरण स्वीकारले. रुग्णांना भेटायला कुत्रे नेणाऱ्या डेल्टा सोसायटीने (आताची पेट पार्टनर्स) तर २०१० पासूनच कच्ची प्रथिने खाणाऱ्या कुत्र्यांना आपल्या कार्यक्रमातून वगळले आहे. अशा सेवेत असलेल्या कुत्र्याला शिजलेले खाद्य कायमचेच द्यावे लागते.