मानसिक आरोग्य हक्क चळवळ

मानसिक आजार असलेल्या, किंवा तसा शिक्का बसलेल्या व्यक्तींना इतर नागरिकांइतकेच हक्क मिळावेत आणि त्यांना चारचौघांत राहता यावे, यासाठीची चळवळ. उपचार मिळावेत व ते माणुसकीने व्हावेत, ही मागणी तिच्यात आहेच. पण तिचा गाभा निराळा आहे. रुग्णालयात दाखल व्हायचे का, कोणते औषध घ्यायचे, कुठे आणि कोणाबरोबर राहायचे, हे कोणी ठरवायचे? शतकानुशतके ते डॉक्टर, नातेवाईक आणि न्यायालये परस्पर ठरवत आली.

या प्रश्नाला पहिल्यांदा वाचा फोडली ती भोगलेल्यांनीच. ब्रिटनचे पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल यांचा मुलगा जॉन याला १८३०च्या दशकात वेड्यांच्या खासगी इस्पितळांत डांबले होते. बाहेर पडल्यावर त्याने अनुभव लिहून काढले आणि १८४५ साली स्थापन झालेल्या, विनाकारण कोंडलेल्यांना मदत करणाऱ्या संघटनेत तो अग्रभागी राहिला. अमेरिकेत एलिझाबेथ पॅकर्ड यांना १८६० साली पतीने इस्पितळात टाकले. त्यांची धर्ममते पतीला पटत नव्हती, आणि इलिनॉय राज्याच्या तेव्हाच्या कायद्यानुसार पत्नीला जाहीर सुनावणीशिवाय दाखल करता येत असे. १८६४ मध्ये ज्यूरीने अवघ्या सात मिनिटांत त्यांना शहाणे ठरवले. पुढे त्यांनी अनेक राज्यांत कायदे बदलण्यासाठी झगडा दिला. आजाराचे नाव पुढे करून नकोशा माणसाला गप्प करता येते, हे त्यांच्या खटल्याने दाखवले.

विसाव्या शतकात इटलीतील त्रिएस्ते येथे मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बाझालिया यांनी १९७१ पासून इस्पितळ मोडीत काढण्याचेच काम हाती घेतले. फुकट राबणाऱ्या रुग्णांची सहकारी संस्था झाली आणि त्यांना रीतसर मजुरी मिळू लागली. १९७३ मध्ये रुग्ण, कर्मचारी व कलावंतांनी मिळून ‘मार्को काव्हालो’ हा भलामोठा निळा घोडा बनवला. इस्पितळात धुण्याची गाडी ओढणाऱ्या खऱ्या घोड्याचे नाव त्याला दिले होते. तो दरवाजातून मावेना, तेव्हा दरवाजा तोडून मिरवणूक शहरात नेली. १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्याने इटलीत नवी मनोरुग्णालये उघडण्यास बंदी आली.

दारे उघडली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. अमेरिकेत १९५५ साली सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक लोक होते. नंतरच्या दशकांत ती रिकामी होत गेली, पण १९६३ च्या कायद्याने योजलेली, लोकांना राहत्या वस्तीजवळ उपचार देणारी सामुदायिक केंद्रे पुरेशी उभी राहिलीच नाहीत. अनेकांच्या वाट्याला फुटपाथ किंवा तुरुंग आला. घर आणि सोबत दिल्याशिवाय दिलेल्या सुटकेला समावेशन म्हणणे कठीण आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेला व २००८ मध्ये अमलात आलेला अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा करार आजच्या चळवळीचा मुख्य आधार. त्याचे कलम १२ कायद्यापुढे समान क्षमता, म्हणजे स्वतःचे निर्णय घेण्याचा इतरांइतकाच अधिकार, मान्य करते, कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देते. कराराच्या समितीने २०१४ मध्ये भूमिका घेतली, की दुसऱ्याने परस्पर निर्णय घेण्याऐवजी त्या व्यक्तीला निर्णयासाठी आधार द्यावा. यावर खडाजंगी आहे : जिवाला धोका असताना सक्ती पूर्णपणे टाळता येणार नाही, असे अनेक मनोविकारतज्ज्ञ आणि कुटुंबीय म्हणतात. मधला मार्ग म्हणून आगाऊ निर्देश पुढे आले. बरे वाटत असतानाच माणूस लिहून ठेवतो, की पुन्हा आजारी पडल्यास काय करावे आणि काय करू नये. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात ही तरतूद आहे, आणि साखळदंडाने बांधण्यावर स्पष्ट बंदीही.

कलंक पुसण्याच्या प्रयत्नांत एक गोष्ट अनपेक्षित निघाली. ‘हा मेंदूचा आजार आहे, मधुमेहासारखाच’ हे वाक्य मोहिमांचे आवडते. अमेरिकेतील १९९६ आणि २००६ च्या पाहण्यांची तुलना केली, तेव्हा जैविक कारण मानणारे वाढले होते. रुग्णाला शेजारी किंवा सहकारी म्हणून टाळण्याची इच्छा मात्र ओसरली नव्हती. त्यापेक्षा आजारातून गेलेल्या माणसाशी बरोबरीच्या नात्याने प्रत्यक्ष ओळख होणे अधिक उपयोगी पडते. रोजगाराचेही तसेच : आधी वर्षानुवर्षे प्रशिक्षण आणि मग नोकरी, यापेक्षा थेट खऱ्या नोकरीत लावून तिथेच आधार देण्याची पद्धत अधिक यशस्वी ठरली आहे.

शब्दांचाही झगडा आहेच. पाश्चात्त्य चळवळीत काहींनी स्वतःला ‘मनोविकारशास्त्रातून वाचलेले’ म्हणवले, काहींनी ‘वेडा’ हीच शिवी अभिमानाने पांघरली. मराठीतील स्वमदत गटांनी वेगळी वाट धरली : तिथे आजार असलेली व्यक्ती ‘शुभार्थी’ असते, आणि तिची काळजी घेणारा ‘शुभंकर’.