बर्बन घेण्यापूर्वी : चव, किंमत आणि उपलब्धता यांविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्या दुकानात स्कॉच घ्यायला येणारे अनेक ग्राहक आता शेजारच्या बर्बनच्या फळीपाशीही थांबतात आणि त्यांचे प्रश्न बहुधा तीनच असतात : चव कशी आहे, किंमत एवढी का, आणि मागच्या वेळी दिसलेली बाटली आज का नाही. सर्वाधिक विचारणा बफेलो ट्रेस या बर्बनची होते, म्हणून हे पत्रक मुख्यतः तिच्याविषयी आहे. आमचे मत आरंभीच नोंदवतो : ही उत्तम बर्बन आहे आणि छापील किमतीला मिळाली तर अवश्य घ्यावी, मात्र ती दुर्मीळ आहे एवढ्याच कारणासाठी कोणाच्या ओळखीतून जादा पैसे मोजून ती मिळवावी, असे आम्ही कोणालाही सुचवणार नाही.

बर्बन ही अमेरिकेतच तयार होणारी व्हिस्की आहे. अमेरिकी कायद्यानुसार तिच्या धान्यात किमान ५१ टक्के मका असावा लागतो, ती आतून जाळलेल्या ओकच्या नव्या पिंपात मुरवावी लागते, आणि तिच्यात पाण्याखेरीज काहीही, अगदी रंगासाठी कॅरॅमलसुद्धा, मिसळता येत नाही. बाटलीत दिसणारा तांबूस रंग पूर्णपणे लाकडाचा असतो. नवे पिंप बंधनकारक असल्यामुळे एकदा वापरलेली पिंपे बाहेर विकली जातात आणि त्यांतील बरीच स्कॉटलंडला जातात. गोव्यात तयार होणाऱ्या पॉल जॉन सिंगल माल्टसाठीही बर्बनची पिंपे वापरतात. त्यामुळे ज्यांनी ही माल्ट घेतली आहे, त्यांना व्हॅनिलासारखा तो गोडसर वास अगदीच अपरिचित वाटणार नाही. जॅक डॅनियल्सची बाटली बर्बन म्हणून मागितली जाते, पण तिच्यावर टेनेसी व्हिस्की असे लिहिलेले असते. पिंपात भरण्यापूर्वी ती कोळशातून गाळली जाते आणि तिची चव त्यामुळे थोडी निराळी लागते.

बफेलो ट्रेस केंटकी राज्याच्या फ्रँकफर्ट या राजधानीत, केंटकी नदीच्या काठी तयार होते. तिची डिस्टिलरी, म्हणजे मद्य गाळण्याचा कारखाना, जुनी आहे आणि अमेरिकेतील दारूबंदीच्या काळातही औषधी व्हिस्कीच्या परवान्यावर चालू होती, परंतु या नावाची बाटली बाजारात आली ती १९९९ मध्ये. मद्यार्काचे प्रमाण ४५ टक्के आहे. धान्याचे नेमके प्रमाण कंपनी सांगत नाही. राय हे तिखटपणा आणणारे धान्य त्यात कमी असते, एवढे मात्र सर्वज्ञात आहे. लेबलवर वय छापलेले नाही, पण ‘स्ट्रेट’ हा शब्द आहे, आणि स्ट्रेट बर्बनवर वय दिलेले नसेल तर ती किमान ४ वर्षे मुरलेली असते, असा नियम आहे.

चवीबद्दल पिणाऱ्यांमध्ये दोन स्पष्ट तट आहेत. एका तटाच्या मते ही सौम्य, समतोल आणि घशाला न टोचणारी बर्बन आहे : आधी व्हॅनिला, मग काकवीसारखा गडद गोडवा, मागाहून किंचित पुदिना आणि ओक. दुसऱ्या तटाच्या मते ती पातळ आहे, तिची चव जिभेवर फार वेळ टिकत नाही आणि तिचे नाव तिच्या गुणांपेक्षा मोठे झाले आहे. आमच्या अनुभवानुसार हा मतभेद पुष्कळदा पिण्याच्या पद्धतीतून येतो. मोठ्या ग्लासात बर्फ आणि भरपूर सोडा घातला की या बर्बनच्या चवीचा मधला भाग हरवतो आणि नुसता गोडवा उरतो. अशा पद्धतीने घेणाऱ्यांना ५०.५ टक्के मद्यार्काची वाइल्ड टर्की १०१ ही बर्बन अधिक समाधान देईल. बफेलो ट्रेस पहिल्यांदा घेताना ३० मिलीचा पेग लहान ग्लासात ओतून पाचेक मिनिटे तसाच ठेवावा, एक घोट कोरा घ्यावा आणि नंतर चमचाभर साधे पाणी घालून पुन्हा चाखावे. पाण्यानंतर पुदिन्याचा वास पुढे येतो का, ते पाहावे. तो आला आणि आवडला, तर ही बर्बन आपल्यासाठी आहे.

याच प्रकारच्या धान्यमिश्रणातून पण दहा वर्षे मुरवून केलेली ईगल रेअर ही बर्बन कमी गोड आणि लाकडाची चव अधिक दाखवणारी लागते. ज्यांना याहून मऊ चव हवी, त्यांनी रायऐवजी गहू वापरणारी मेकर्स मार्क ही बर्बन पाहावी. पिणाऱ्यांच्या मताला किती वजन असते, याचे उदाहरणही याच ब्रँडचे आहे : २०१३ च्या फेब्रुवारीत मागणीला माल पुरा पडत नाही म्हणून तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले, ग्राहकांनी जोरदार नाराजी कळवली आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेण्यात आला.

टंचाईचे मूळ कारण काळाचे आहे. आज फळीवर असलेली बाटली काही वर्षांपूर्वी पिंपात भरलेली असते. मागणी अचानक वाढली तरी मुरण्याची वर्षे कमी करता येत नाहीत, आणि केंटकीच्या कडक उन्हाळ्यात पिंपातला काही भाग दरवर्षी उडून जातो तो वेगळाच. शिवाय अमेरिकेतील बहुतेक राज्यांत उत्पादक, वितरक आणि विक्रेता असे तीन टप्पे कायद्याने वेगळे ठेवलेले आहेत. वितरक दुकानांना माल वाटून देतो आणि उत्पादकाने सुचवलेली किंमत विक्रेत्यावर बंधनकारक नसते, त्यामुळे पंचवीस-तीस डॉलरांची मानली जाणारी बफेलो ट्रेसची बाटली काही दुकानांत बरीच महाग दिसते. तेथील पिणाऱ्यांची तक्रार चवीपेक्षा याच गोष्टीची अधिक असते आणि ती आम्हाला रास्त वाटते. अलीकडे बफेलो ट्रेसच्या डिस्टिलरीने आपली क्षमता मोठ्या प्रमाणात वाढवली आहे.

आपल्याकडील किमतीचे गणित निराळे आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने बर्बनवरील एकूण आयातशुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणले. बंदरात १०० रुपये मूल्य असलेला माल पूर्वी शुल्कासह २५० रुपयांना पडत असे, तो त्यामुळे २०० रुपयांना पडू लागला. मात्र त्यानंतर राज्याचे उत्पादनशुल्क, मूल्यवर्धित कर, आयातदाराचा व विक्रेत्याचा नफा हे सर्व त्यावर चढत असल्यामुळे बाटलीची छापील किंमत त्याच प्रमाणात उतरली नाही. राज्याचे कर प्रत्येक ठिकाणी वेगळे असल्याने गोव्यात तीच बाटली स्वस्त दिसते. पण परवान्याशिवाय ती महाराष्ट्रात आणणे गुन्हा आहे, हे कृपया लक्षात घ्यावे. परदेशातून परतताना प्रौढ प्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, आणि ज्यांचे नातेवाईक अमेरिकेतून येत असतात, त्यांच्यासाठी हा सरळ व कायदेशीर मार्ग आहे.

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक आयात बाटलीवर आयातदाराचे नाव, कमाल किरकोळ किंमत आणि महाराष्ट्रात विक्रीसाठी असल्याची नोंद असते. ती काउंटरवरच वाचून घ्यावी आणि पावती मागावी. छापील किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त आम्ही घेत नाही, आणि माल कमी आला म्हणून त्यासोबत दुसरी बाटली घेण्याची अटही घालत नाही. घरी बाटली उभी ठेवावी, कारण आडवी ठेवल्यास मद्यार्कामुळे बूच खराब होते. निम्म्याहून अधिक रिकामी झालेली बाटली काही महिन्यांत संपवावी, कारण आतल्या हवेने वास मंदावतो.

बफेलो ट्रेसचा माल अनियमित येतो. हवी असल्यास काउंटरवरील वहीत नाव व फोन क्रमांक नोंदवावा. माल आल्यावर नोंदणीच्या क्रमाने, प्रत्येकी एकच बाटली दिली जाते आणि त्यासाठी आगाऊ रक्कम घेतली जात नाही. महाराष्ट्रात असे मद्य खरेदी करण्यासाठी वय २५ वर्षे पूर्ण असणे आणि मद्यसेवनाचा परवाना असणे आवश्यक आहे. परवाना नसल्यास एक दिवसाचा परवाना दुकानातच मिळेल.